काळ्या जमिनीचे संधारण आणि शासकीय साह्य : परभणी जिल्ह्याचा अनुभव

परभणी जिल्ह्यात जून महिन्यात पहिला जोराचा पाऊस झाला की दुधना आणि पूर्णा या नद्यांचे पाणी गढूळ, काळसर होऊन वाहू लागते. पुलावरून जाणारा मनुष्य ते पाहतो आणि यंदा पाऊस बरा आहे, असे म्हणून समाधान पावतो. त्या काळसर रंगात वरच्या शिवारांतील सुपीक जमीन मिसळलेली असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. एक हेक्टर शेतावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तरी ती माती दहा घनमीटर भरते. वजनाने ती सुमारे तेरा टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या चार-पाच ट्रॉल्या होते. शेजाऱ्याने बांध कोरून वीतभर जमीन घेतली तर माणूस तहसील कचेरीची पायरी चढतो. पावसाने चार ट्रॉल्या माती नेली तर मात्र तिची कोठेच तक्रार होत नाही.

ही हानी थांबावी म्हणून शासन शेतकऱ्यास निरनिराळ्या मार्गांनी साह्य करीत आले आहे. त्यासाठी कायदे झाले, खाती निर्माण झाली, अनेक योजना आल्या व गेल्या. किती हेक्टरवर काम झाले याचे तक्ते दरवर्षी तयार होतात. परंतु झालेले काम पाच-दहा वर्षांनी शेतात शिल्लक राहिले काय, या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यांत सापडत नाही. परभणीसारख्या काळ्या जमिनीच्या जिल्ह्यात हे उत्तर मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. दिलेले काम जमिनीच्या स्वभावाशी जुळते काय, ही पहिली आणि साह्य पेरणीच्या वेळेपूर्वी हाती पडते काय, ही दुसरी. प्रस्तुत लेखात या दोन गोष्टींचाच विचार केला आहे.

जमिनीचा स्वभाव

जिल्ह्याच्या उत्तरेस जिंतूरकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे आहेत, तर दक्षिणेस गंगाखेडच्या बाजूला बालाघाटाच्या रांगा आहेत. या दोन्ही उंचवट्यांच्या मधल्या भागातून गोदावरी, पूर्णा आणि दुधना वाहतात. माथ्यावर व उतारावर हलकी, मुरमाड जमीन आणि खोऱ्यात खोल काळी जमीन, अशी ही सर्वसाधारण रचना आहे. (जुने अहवाल वाचताना एक काळजी घ्यावी. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीचे परभणीचे आकडे हिंगोलीसह असतात.)

खोल काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असून ही चिकणमाती पाण्याने फुगते व वाळल्यावर आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून थेट खाली उतरते व जमीन ते भराभर पिते. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर माती फुगून भेगा मिटतात आणि मग पाणी मुरण्याचा वेग अत्यंत मंदावतो. त्यानंतर जोराचा पाऊस आला की पाणी शेतात मुरण्याऐवजी उताराकडे धावू लागते आणि जाताना वरची भुसभुशीत माती घेऊन जाते. सखल भागात हेच पाणी साचून शेत चिबडते. एकाच शेतात जुलैमध्ये पीक पाण्याने पिवळे पडावे आणि ऑगस्टमध्ये पावसाच्या खंडाने कोमेजावे, हा प्रकार येथील शेतकऱ्यास नवा नाही.

पूर्वीचे शेतकरी हा स्वभाव ओळखून होते. खोल काळ्या रानात ते पावसाळ्यात पीक घेत नसत. वखराच्या पाळ्या देऊन रान मोकळे ठेवीत आणि ओल धरून ठेवून त्यावर रब्बी ज्वारी पेरीत. या रीतीत पिकाची जोखीम कमी होती, परंतु ऐन पावसात जमीन उघडी राहत असे आणि त्या काळात मातीची धूप होई. आता खरिपात सोयाबीन, कापूस, तूर ही पिके आल्याने जमिनीवर आच्छादन आले आहे, हे खरे. तथापि पेरणीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे रान जवळजवळ उघडेच असते. शिवाय तासे उताराच्या दिशेने काढली असतील तर प्रत्येक तास म्हणजे माती वाहून नेणारा छोटा पाटच ठरतो.

बांधांचा धडा

राज्यात मृदसंधारणाच्या शासकीय कामाचा पाया १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने घातला. दुष्काळी सोलापूर भागातील कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची पार्श्वभूमी त्यामागे होती. परभणी त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. त्यानंतर बांधबंदिस्तीची कामे या भागातही मोठ्या प्रमाणावर झाली. योजना तयार व्हावी, खात्याने बांध घालावेत आणि खर्चाचा काही भाग शेतकऱ्याकडून हप्त्याने वसूल व्हावा, अशी साधारण पद्धत होती.

१९७२ च्या दुष्काळात या कामांना निराळेच परिमाण मिळाले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते आणि या कामांत बांधबंदिस्तीचा वाटा मोठा होता. याच अनुभवातून रोजगार हमी योजना आली व २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. हातांना काम मिळावे हा त्या वेळी पहिला हेतू होता आणि तो योग्यच होता. परंतु मजूर कोठे आहेत हे पाहून काम काढले की जमीन कोणती आहे हा प्रश्न मागे पडतो, ही गोष्टही नाकारता येणार नाही.

समपातळी बांध हे हलक्या व मध्यम जमिनीसाठी उत्तम साधन आहे. तेथे बांधाशी अडलेले पाणी मुरते. खोल काळ्या जमिनीत मात्र अडलेले पाणी मुरत नाही. ते बांधाच्या वरच्या अंगाला आठवडाभर साचून राहते व तेवढ्या पट्ट्यातील पीक जाते. शिवाय काळ्या मातीचाच बांध उन्हाळ्यात तडकतो आणि पावसाळ्यात त्या तड्यांतून पाणी शिरून फुटतो. बांध एका ठिकाणी फुटला की पसरून वाहणारे पाणी एका धारेत येते व पूर्वी नसलेली घळ तेथे पडते. १९५४ साली स्थापन झालेल्या बळ्ळारीच्या मृदसंधारण केंद्राने आणि पुढे इतर केंद्रांनी हे दाखवून दिले. अशा जमिनीसाठी मंद उतार दिलेले ढाळीचे बांध, त्यांना दगडी सांडवा आणि जादा पाणी नाल्यापर्यंत सुखरूप नेणारा गवताचा पाट अशी शिफारस झाली.

दुसरी अडचण धुऱ्यांची होती. आपल्याकडे वाटण्या होताना जमिनीच्या लांब, अरुंद पट्ट्या पडतात व पुष्कळदा त्या उताराच्या दिशेने पडतात. समपातळी रेषा या पट्ट्यांना आडवी छेदते. त्यामुळे आधीच अरुंद असलेल्या रानाचे तिरकस तुकडे होतात, तिफण वळवण्यास जागा राहत नाही आणि अर्धा दिवस वळणातच जातो. शेतकऱ्याने असा बांध हळूहळू नांगरून टाकला, यात त्याचे अज्ञान होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याने आपल्या अवजारांचा हिशेब केला होता. साह्य देणाऱ्याने तो केला नव्हता.

१९८३ पासून सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमाने सुटे बांध घालण्याऐवजी संपूर्ण पाणलोटाचा एकत्र विचार सुरू केला. माथ्यापासून पायथ्याकडे येण्याचा हा दंडक आजही योग्य आहे. जिंतूर व गंगाखेडच्या डोंगराळ भागात सलग समतल चर, अनगड दगडी बांध आणि खालच्या अंगाला माती नाला बांध हा क्रम तंतोतंत लागू पडतो. तेथे माथा सोडून एकदम नाल्यात सिमेंटचा बंधारा बांधला तर तो दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो.

रुंद सरी वरंबा

खोऱ्यातील खोल काळ्या जमिनीत बांधापेक्षा पेरणीची रीत अधिक महत्त्वाची आहे. १९७२ हे वर्ष या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) स्थापन झाले आणि त्याच वर्षी हैदराबादजवळ पटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. पटणचेरूची काळी जमीन आपल्या जमिनीच्या जातकुळीचीच. तेथे १९७६ पासून एक दीर्घकालीन प्रयोग चालवण्यात आला. एका पाणलोटात जुनी रीत, म्हणजे पावसाळ्यात पड व रब्बीत पीक, आणि दुसऱ्यात सुधारित रीत. सुधारित रीतीत मंद उतारावर सुमारे एक मीटर रुंदीची गादी व अर्धा मीटर रुंदीची सरी, खरीप-रब्बी अशी दोन पिके, सुधारित वाण आणि संतुलित खत यांचा समावेश होता.

जुन्या रीतीत वर्षाला सुमारे २२० मिलिमीटर पाणी वाहून गेले, तर सुधारित रीतीत सुमारे ९० मिलिमीटर. मातीची धूप हेक्टरी सुमारे साडेसहा टनांवरून दीड टनावर आली. दीर्घकाळाच्या सरासरीत धान्याचे उत्पादन हेक्टरी सुमारे १.१ टनावरून ५.१ टनांवर गेले. हा फरक केवळ सरी-वरंब्याचा नव्हे, खत, वाण व दुसरे पीक या सर्वांचा मिळून आहे, हे सांगितले पाहिजे, नाहीतर शेतकऱ्याची अपेक्षा भलतीच वाढते. परंतु १३० मिलिमीटर पाणी शेतात अधिक राहिले, म्हणजे हेक्टरी १३ लाख लिटर पाणी, एवढा हिशेब कोणत्याही गावात समजावून सांगता येतो.

या रीतीचे वैशिष्ट्य असे की ती दोन्ही संकटांत उपयोगी पडते. पाऊस कमी असेल तर सरीत पाणी थांबून गादीला ओल मिळते. अतिवृष्टी झाली तर तीच सरी जादा पाणी बाहेर काढते आणि मुळे गादीवर मोकळी राहतात. सोयाबीनला याचा विशेष लाभ होतो.

मग ही रीत चाळीस वर्षांपूर्वीच सर्वत्र का रुजली नाही? त्या काळी ती बैलांनी ओढावयाच्या चाकांच्या बहुउपयोगी अवजारावर बेतलेली होती. प्रयोगक्षेत्रावर ते अवजार उत्तम चाले, पण त्याची किंमत तिफण-वखराच्या कितीतरी पट होती व गावच्या सुतार-लोहारास त्याची दुरुस्ती जमत नसे. शेतकऱ्यांनी ते स्वीकारले नाही. ट्रॅक्टरवर चालणारे रुंद सरी वरंबा पेरणी यंत्र आल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली, मात्र नवी उभी राहिली. काळ्या जमिनीत वापसा फार थोडे दिवस राहतो. गावात एखादेच यंत्र असेल तर ते आधी मोठ्या रानात जाते. दोन एकरवाला वाट पाहून शेवटी नेहमीच्या रीतीने सपाट पेरतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण उशिरा पेरण्यापेक्षा सपाट पेरणे त्याला परवडते.

यंत्र न मिळालेल्या शेतकऱ्यास अगदी मोकळ्या हाताने परत जाण्याचे कारण नाही. उताराला आडवी पेरणी, ठराविक तासांनंतर एक तास रिकामे सोडणे आणि पहिल्या कोळपणीच्या वेळी कोळप्याला दोरी गुंडाळून त्या रिकाम्या तासात सरी काढणे, एवढे बैलजोडीने सहज होते. याला अनुदान लागत नाही. बहुधा त्यामुळेच या उपायाकडे कोणत्याही तक्त्याचे लक्ष जात नसावे.

साह्याची आजची रीत

जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. आरंभी निवडलेल्या १५ जिल्ह्यांत मराठवाड्यातील आठही जिल्हे होते व त्यात परभणी होता. या प्रकल्पाने दोन गोष्टी चांगल्या केल्या. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मग कामे ठरवण्याची पद्धत घातली आणि ग्राम कृषी संजीवनी समितीच्या रूपाने ही जबाबदारी गावाकडे दिली. वैयक्तिक बाबींसाठी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास ७५ टक्के व दोन ते पाच हेक्टरच्या शेतकऱ्यास ६५ टक्के अनुदान होते आणि ते थेट बँक खात्यावर जमा होई. शेतकरी गटांना अवजारे बँकेसाठी साह्य होते. प्रकल्पाचा दुसरा टप्पाही पुढे मंजूर झाला.

थेट खात्यावर रक्कम जमा करण्याच्या पद्धतीने मधली गळती थांबली, हा मोठाच लाभ होय. तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आधी पूर्वसंमती, मग शेतकऱ्याने स्वतः खर्च करावयाचा, मग तपासणी आणि नंतर अनुदान, असा हा क्रम आहे. ज्याच्या हाती खर्चाची पूर्ण रक्कम नाही त्याला ७५ टक्के अनुदानही उपयोगी पडत नाही. तो एकतर सावकाराकडे जातो अथवा अर्जच करीत नाही. ज्यांची जमीन सर्वाधिक उतारावर व सर्वाधिक हलकी, त्यांच्यातच असे शेतकरी पुष्कळ असतात. म्हणून अशा गावांत व्यक्तीपेक्षा गटाला दिलेले यंत्र अधिक उपयोगी ठरते, असे आमचे मत आहे. मात्र भाड्याच्या दराबरोबरच पाळीचा क्रमही आधी ठरला पाहिजे.

मागेल त्याला शेततळे ही योजना २०१६ मध्ये आली. धावते पाणी अडवून पावसाच्या खंडात एक-दोन संरक्षित पाणी देणे हा शेततळ्याचा खरा उपयोग. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी उपसून शेततळे भरले तर जमिनीखालचे पाणी उन्हात वाफ होण्यासाठी वर आणल्यासारखे होते. मंजुरी देताना तळ्याची जागा पाणी वाहून येण्याच्या लवणात आहे की विहिरीशेजारी, एवढे पाहिले तरी पुष्कळ साधेल.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ मध्ये सुरू होऊन २०२३ मध्ये नव्या स्वरूपात पुढे आली. तलावात साचलेला गाळ म्हणजे शेतातून गेलेली मातीच. ती परत शेतात नेण्याची कल्पना शेतकऱ्यास सांगावी लागत नाही, ती त्याला पटलेलीच असते. नव्या स्वरूपात अल्प व अत्यल्प भूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची कुटुंबे यांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत व अडीच एकरांपर्यंत ३७,५०० रुपये अनुदान ठरले. या दराने एकरी सुमारे ४०० घनमीटर गाळ बसतो, म्हणजे शेतावर साधारण चार इंचांचा थर येतो. मुरमाड, बरड रानाला हा थर नवे जीवन देतो. खोल काळ्या रानात मात्र असा चिकण गाळ टाकल्याने निचरा आणखी मंदावतो. तेथे गाळ नको, निचऱ्याचा चर हवा. तलाव कोणाच्या रानाजवळ आहे यापेक्षा कोणाच्या रानाला गाळाची गरज आहे हे पाहून वाटप व्हावे. ग्रामपंचायतीने या कामी भीड बाळगू नये.

जमीन आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक व सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळून बारा बाबी असतात. पहिल्या फेऱ्यांत कोरडवाहू क्षेत्रात दर दहा हेक्टरांस व बागायतीत दर अडीच हेक्टरांस एक नमुना घेण्यात आला. आपल्या भागात दहा हेक्टरांत वरच्या अंगाला मुरूम आणि खालच्या अंगाला चार हात खोल काळी, असे सहज असू शकते. अशा ठिकाणी एकच पत्रिका दोघांना लागू पडत नाही. ज्यास खरोखर उपयोग करावयाचा आहे त्याने उताराच्या वरच्या व खालच्या अंगाचा नमुना वेगळा घ्यावा. पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा आकडा शेतकरी बहुधा वाचीत नाही, कारण त्यासाठी दुकानात पोते मिळत नाही. त्याची भरपाई काडीकचरा, शेणखत, बांधावरील गिरिपुष्पाचा पाला आणि न जाळलेल्या पऱ्हाट्या यांतूनच व्हावयाची असते. बैल कमी झाले तसे शेणखतही कमी झाले, म्हणून या गोष्टींचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालील पाथरी, मानवत, परभणी भागातील प्रश्न निराळा आहे. तेथे काळ्या जमिनीला बेताबाहेर पाणी मिळाल्यास जमीन चिबड व पुढे खारवट होण्याचा धोका असतो. त्यासाठी निचऱ्याचे चर खुले राखणे आवश्यक आहे.

शाळेत आणि ग्रामसभेत

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखवता येईल. दोन सारख्या पसरट डब्यांत शेतातील माती भरावी, एकावर काडीकचरा पसरावा, दोन्ही सारखेच कलते ठेवावेत व झारीने मोजून सारखे पाणी घालावे. खाली आलेले पाणी काचेच्या दोन पेल्यांत धरून रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी पट्टीने तळाचा गाळ मोजावा. सरळ कडांचा डबा छतावर ठेवून पावसाळाभर पर्जन्यमान मोजणे हाही उत्तम पाठ आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी, हे एकदा कळले की मुले घरी जाऊन वडिलांचा हिशेब तपासू लागतात.

ग्रामपंचायत सदस्यांनी वर्षातून एक शिवारफेरी भर पावसात काढावी. उन्हाळ्यातील फेरीत बांध दिसतो, पण पाणी कोठून जाते ते दिसत नाही. कोणाच्या रानातून धार निघते, कोणता सांडवा वाहून गेला, कोठे नवी ओघळ पडली, याची गट क्रमांकासह नोंद फेरीतच करावी. हीच नोंद पुढील मागणीचा आधार होईल. जुन्या बांधांच्या सांडव्यांची दुरुस्ती नव्या बांधापेक्षा स्वस्त पडते. परंतु तिच्यासाठी कोणी अर्ज करीत नाही, कारण बांध एकाच्या रानात असतो आणि सांडव्याचे पाणी दुसऱ्याच्या रानात जाते. दोघांना समोरासमोर बसवून हा प्रश्न गावातच सोडवावा लागतो. तो तालुक्याला पाठवून सुटत नाही.

१ मेची ग्रामसभा यासाठी अगदी सोयीची आहे, कारण मृग त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी लागतो. आदल्या पावसाळ्याची नोंद त्या सभेत वाचून दाखवावी. गावात व शेजारच्या गावांत मिळून रुंद सरी वरंब्याची किती यंत्रे आहेत हे पाहून लहान शेतकऱ्यांच्या पेरणीची पाळी नावानिशी लिहावी, आणि सांडव्याचा दगड मे अखेर जागेवर पोहोचेल अशी व्यवस्था करावी. कृषी सहाय्यकास या सभेचे निमंत्रण तारीख घालून, निदान पंधरा दिवस आधी द्यावे. त्याच्याकडे एकाहून अधिक गावे असतात आणि १ मे रोजी त्या सर्वच गावांची सभा असते.